प्रेक्षक वीस हवेत

आमच्या नाटकाला प्रेक्षकच नाहीत, ही गोष्ट अनुदानाचं पत्र येईपर्यंत कुणाच्या लक्षातही आली नव्हती. दरवर्षी बघायला आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणायचं, मलाही घ्या की, आणि आम्ही घ्यायचो. असं करत करत गावातली सगळीच्या सगळी एक्केचाळीस माणसं रंगमंचावर चढली आणि खाली रिकाम्या खुर्च्या उरल्या. माझ्या जावेचं तान्हं बाळसुद्धा बाजाराच्या प्रवेशात असतं. कपडे मी शिवते, त्यामुळे बाळासकट सगळ्यांची मापं मला तोंडपाठ आहेत. पण हे सगळं बघतं कोण, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

अर्ज पोस्टमनने भरला, कारण त्याचं अक्षर बरं. खेड्यापाड्यांतल्या सामूहिक कलेला पैसे मिळतात, हे त्यानेच कुठूनतरी वाचून आणलं होतं. आम्हाला हवं होतं छप्पर. आमचं नाटक जुन्या गोदामात होतं, तिथले पत्रे गंजलेत, आणि सुताराने सांगून ठेवलंय, फार तर अजून एक वर्ष. अर्जात ‘प्रेक्षकसंख्या’ असा रकाना होता. हा पठ्ठ्या तिथे शून्य लिहून मोकळा झाला.

उत्तर आलं, कलेचा लाभ कोणाला होतो हे स्पष्ट होत नाही. तपासणीच्या दिवशी किमान वीस प्रेक्षक हजर असल्यास विचार करू.

"लाभ आपल्यालाच होतो की," सासूबाई म्हणाल्या. त्या नाटकात राणी आहेत.

"आपण कलाकार. लाभ प्रेक्षकांना होतो," पोस्टमन म्हणाला.

"मग आपल्याला काय होतं?"

पोस्टमनने डोकं खाजवलं. आम्हीही खाजवलं.

काही का असेना, वीस जणांना खाली बसवणं भाग होतं, आणि यादीचं लचांड माझ्या गळ्यात पडलं. बेकरीवाला पिठाच्या हातांनीच भांडायला आला. सासूबाईंनी जेवण सोडायची धमकी दिली. जावेने बाळ पुढे केलं. जो भांडला त्याचं नाटकातलं काम टिकलं, जो गप्प बसला त्याला खुर्ची मिळाली. दुसरी पद्धत मला सुचली नाही, आणि खरं सांगायचं तर मी वैतागले होते.

गप्प बसणाऱ्यांत पहिला माझा दादा.

दादा नाटकात नावाडी होतो. अकरा वाक्यं आहेत त्याला. वहिनी गेल्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून घरात तो ‘हं’च्या पुढे जात नाही. जेवलास? हं. गुडघा दुखतोय? हं. तालमीत मात्र घसा खाकरून, छाती काढून पूर्ण वाक्यं बोलतो. ती ऐकायला मिळावीत म्हणून मी हातातलं शिवण अर्धवट टाकून तालमीला पळते. एवढं सगळं ठाऊक असून मी त्याला विचारलं, "दादा, यंदा खाली बसशील?" तो "हं" म्हणाला, आणि मी लिहून टाकलं. नावाड्याचं काम किराणावाल्याला दिलं आणि सदरा उसवून त्याच्या पोटाएवढा सैल केला.

तपासणीच्या मॅडम दुपारी आल्या. खाली बसलेल्यांना प्रेक्षक म्हणून बसायचं कसं तेच कळत नव्हतं. निम्मे ओठ हलवून संवाद म्हणत होते. लोहार सवयीने दोनदा उठून पायरीपर्यंत गेला आणि ओशाळून परतला. मॅडम एकदा वर बघायच्या, एकदा खाली, वहीत काहीतरी लिहायच्या आणि खोडायच्या.

किराणावाला तिसऱ्याच वाक्याला अडखळला. सगळ्या माना दादाकडे वळल्या. दादाने तोंड उघडलं नाही. त्याला प्रेक्षक व्हायला सांगितलं होतं ना मी.

नाटक कसंबसं संपलं. मॅडमना प्रेक्षकांचं मत हवं होतं आणि पहिली खुर्ची दादाची होती.

"काका, कसं वाटलं नाटक?"

त्याच्या वतीने उत्तर द्यायला मी पुढे झाले. चार वर्षं तेच करत आलेय.

"मला काही कळलं नाही," दादा म्हणाला. आवाज नावाड्याचा नव्हता, त्याचा स्वतःचा होता. "माझं काम तो करतोय. मी इथे का बसलोय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतक्या वर्षांनी त्याने आपणहून काही विचारलं, आणि ते हे.

"माझ्यामुळे, दादा. मीच बसवलं तुला." मग मी मॅडमकडे वळले. "मॅडम, एकोणीस लिहा."

"वीस आहेत. मी मोजलेत."

"एकोणीसच. हा आमचा नावाडी आहे."

मॅडम गोंधळल्या. "अहो, मग अर्ज बाद होईल. तुम्हाला अनुदान हवंय ना?"

"हवंय," मी म्हटलं. खरंच हवं होतं.

किराणावाल्याच्या अंगातला सदरा मी तिथेच काढून घेतला. दादाला तो आता केवढा तरी ढगळ झाला होता. मी बाह्या दुमडत असताना त्याने वर पत्र्यांकडे पाहिलं.

"आणि छप्पर?"

"गळू दे," मी म्हटलं. "तू वर जा आणि तुझी अकरा वाक्यं म्हण."