तिरळी मॉरिस

हैबतरावांनी मूर्तीचा डावा डोळा ओल्या फडक्याने पुसून टाकला आणि फडकं पाटाखाली सारलं, जसं काही कुणी पाहिलंच नाही.

"अनिता, इथं अंगाचा रंग जरा लाव गो. ओघळ आलाय."

"व्हय तात्या."

ओघळबिघळ काही नव्हता. सुनेला कळत नव्हतं थोडंच! पापणीची रेघ हलली होती आणि बुबुळ नाकाकडे सरकलं होतं. सासऱ्यांच्या हाताला कंप सुटून वर्ष होत आलं होतं. जेवताना वाटीतली आमटी सदऱ्यावर सांडायची आणि सासूबाई, गिरजाबाई, तो सदरा न बोलता भिजत घालायच्या. घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तोंडातून शब्द काढायची एकाचीही छाती नव्हती. अनिताने अंगाचा रंग कालवला आणि पुसलेल्या जागेवर इतका बेमालूम लावला की तिथे डोळा होता हे मूर्तीलासुद्धा आठवू नये.

पेणला गणपतीच्या कारखान्यांना काय तोटा? गल्लीत वळलं की कारखाना. पण हैबतरावांच्या आखणीचं नाव होतं. आखणी म्हणजे डोळे काढायचं काम. बाकी पितांबर कुणी रंगवावा, मुकुटाला सोनेरी रंग कुणी लावावा, त्याला मज्जाव नाही. डोळे मात्र घरातल्या थोरल्या हातानेच काढायचे. त्या हाताने आपणहून ब्रश पुढे केला तरच दुसऱ्याने घ्यायचा. मागायचा नाही. हैबतरावांच्या वडिलांच्याही आधीपासूनची ही रीत होती आणि ती मोडायचा विचारही कुणाच्या मनाला शिवला नव्हता.

अनिताला डोळे काढायचे होते. इतकं साधं होतं ते. लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला ब्रश कसा धरतात हे माहीत नव्हतं. आता शेल्याची जर, सोंडेवरचं गंध, उंदराच्या मिशा, सगळं तिच्या हाताखालून जायचं. नवरा सुशील कंपनीत शिफ्टला जायचा, त्याला रंगाच्या वासाने शिंका यायच्या. म्हणजे हैबतरावांच्या मागे हात उरला तो तिचाच. पण ती मागणार नव्हती आणि ते देत नव्हते. सत्त्याण्णव सालचा आषाढ अर्धा सरला होता. मांडवात फळ्यांवर मूर्ती दागिन्यांनी मढून तयार होत्या आणि एकीलाही डोळे नव्हते. श्रावण लागला की मुंबईचे व्यापारी टेम्पो घेऊन दारात उभे राहणार. तोवर डोळे झाले नाहीत तर त्या वर्षीचा कारखाना बुडाला, आणि नाव गेलं ते कायमचंच.

तिचा भाऊ महिपती रोह्याहून आला तो नेमका अशा दिवसांत. कोलाड रस्त्याला त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. काखेतल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्याने एक झेरॉक्स काढली आणि अनितापुढे पसरली.

"ताय, हे बघ. चंद्रावतीबाईंच्या मॉरिसचं वायरिंग."

"कोण चंद्रावतीबाई?"

"आमच्या रोह्याच्या डॉक्टरीणबाई गो! ह्याच गाडीतनं फिरून खांब गावापासून कोलाडपर्यंत बाळंतपणं केली त्यांनी. आता गाडी उभी ऱ्हायली ती ऱ्हायलीच. सगळ्या वायरी उंदरांनी खाल्ल्या. बाई म्हणतात, मरायच्या आत एकदा चालवायची हाय."

झेरॉक्सची झेरॉक्स होती ती. बारीक काळ्या रेघा एकमेकींत घुसलेल्या, मुंग्या लागल्यासारख्या. रंगाच्या जागी एकेक इंग्रजी अक्षर, तेही पुसट.

"ह्यात मला काय दिसणार? ही रेघ धरून निघालो की भलत्याच घरी पोचतो. तू मला मोठं काढून दे. ज्या रंगाची वायर त्या रंगाची रेघ. कुठल्या अक्षराला कुठला रंग ते मी सांगतो."

"मला मोटारीतलं काय कळतं रे?"

"मोटार नको कळू दे. रेघ कळते ना? एक पण रेघ सोडायची नाय, आणि एक दुसरीला चिकटवायची नाय. झालं."

गिरजाबाई आतून चहा घेऊन आल्या. "सीझन तोंडावर आलाय नि भाऊ बहिणीला मोटारी रंगवायला लावतोय! वा रे वा. घे चहा, गार होतोय."

हैबतराव मान वर न करता म्हणाले, "करू दे तिला. तिचं इथलं काम संपलंय."

ते खरंच होतं. तिचं संपलं होतं, त्यांचं अडलं होतं. बोलून गेल्यावर त्यांनाही ते जाणवलं असावं, कारण त्यांनी ब्रश उगाचच पाण्यात खळखळवला.

अनिताने पडवीत मोठा जाड कागद ताणून बसवला. पहिल्याच दिवशी अडली. मॉरिसमध्ये पांढरी वायर होती आणि पांढऱ्या कागदावर पांढरी रेघ दिसणार कशी? थोडा वेळ ती कागदाकडे बघत बसली, मग उठली आणि मूर्तीच्या अंगाला देतात तोच रंग पाण्यात पातळ करून सगळ्या कागदावर फिरवला. त्या फिक्या गुलाबी रंगावर पांढरी रेघ अशी उठली की तिची तिलाच गंमत वाटली.

मग हात चालू लागला. बॅटरीतून निघणारी तपकिरी वायर जाड. डायनामोची पिवळी. मागच्या दिव्यांना लाल. काही वायरींच्या अंगावर दुसऱ्या रंगाची बारीक रेघ होती. ती तिने धोतराला काठ काढावा तशी काढली, श्वास धरून, एका ओढीत. जिथे एक वायर दुसरीला ओलांडून जायची तिथे छोटीशी कमान. काही दिवसांनी तिला कळू लागलं की हे नुसतं जाळं नाही. बॅटरीतून जे निघतं ते काम करून परत बॅटरीकडेच येतं. मध्ये कुठे तुटलं तर वाटेतलं सगळं मुकं. हॉर्न का वाजतो, पेट्रोलचा काटा का हलतो, हे तिला रेघांतून दिसायला लागलं. तिला फार आनंद झाला. स्वयंपाक करतानासुद्धा ती मनातल्या मनात हिरवी वायर धरून कुठे कुठे जाऊन यायची.

महिपती न्यायला आला तेव्हा त्याने कागद पाहिला आणि दोन्ही हात डोक्याला लावले.

"आयला, ताय! हे दुकानात फ्रेम करून लावायचं काम हाय."

"आधी गाडी चालू कर. फ्रेम करतोय!"

कागदाची गुंडाळी छत्रीत घालून तो एस.टी.ला गेला.

आठवडाभराने तो परत आला तो ओलाचिंब, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. मांडवाच्या दारातूनच ओरडला,

"तिरळी झाली गो ताय! तिरळी!"

मांडवातली सगळी कामं थांबली. गणपतीच्या कारखान्यात हा शब्द कुणी उच्चारत नाही. मूर्ती फुटली तर म्हणतात फुटली, पण तिरळी झाली असं म्हणत नाहीत. हैबतरावांच्या हातातला ब्रश खाली पडला. त्यांचा चेहरा असा उतरला की गिरजाबाई लगबगीने पुढे आल्या.

"मेल्या, काय बोलतोस? कोण तिरळी?"

"मॉरिस हो, मावशी! गाडी चालू झाली, हॉर्न वाजला, सगळं झ्याक. काल तिन्हीसांजेला बाई घेऊन निघाल्या नि दिवे लावले, तर डावा बघतोय वर झाडात नि उजवा बघतोय खाली मातीत. पायानं डिपरचं बटण दाबलं की उलटं. समोरून ट्रकवाला आला, तो हसत हसत गेला. बाईंनी तिथनंच गाडी मागं वळवली. म्हणाल्या, महिपती, तिरळी गाडी मी नाय चालवणार."

त्याने गुंडाळी सोडून फळीवर पसरली आणि पुढच्या टोकाला बोट ठेवलं. निळ्या वायरी गाडीच्या तोंडापर्यंत व्यवस्थित आल्या होत्या. तिथे दोन गोल होते, आणि गोलांत काहीच नव्हतं. कुठली वायर कुठल्या टोकाला लागते, कोरं.

"सगळं काढलंस नि दिवे तेवढे बाकी ठेवलेस. मी म्हटलं, तायनं ठेवलं म्हणजे काहीतरी असंल. अंदाजानं लावलं."

अनिता कागदाकडे बघतच राहिली. झेरॉक्सवर दिवे स्पष्ट होते. तिने ते पाहिलेही होते. अंग झालं, काठ झाले, आणि तिने ब्रश धुऊन ठेवला होता. काम अपुरं आहे असं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तिच्या कानशिलांपर्यंत लाली चढली.

"का ठेवलेस गो?" हैबतरावांनी विचारलं.

"डोळे हायत ना, तात्या," ती कशीबशी म्हणाली. "माझा हातच गेला नाय. ते तुमचे."

महिपतीला हसू आलं, पण गिरजाबाईंचा चेहरा पाहून त्याने ते गिळलं.

हैबतरावांनी चष्मा पुसला, पाट पुढे ओढला आणि हात लांब केला. अनिताने बारीक ब्रश त्यांच्या हातात दिला. महिपतीने झेरॉक्स समोर धरली.

"पांढऱ्या काठाची निळी वरच्या टोकाला, तात्या. लाल काठाची खालच्या."

डावा दिवा त्यांनी दम खात खात काढला. उजव्यापाशी आले आणि हाताने ऐकलं नाही. लाल काठाची रेघ निघाली ती थरथरत वर गेली आणि पांढऱ्या काठाच्या निळीच्या टोकाला जाऊन चिकटली. त्यांनी डाव्या हाताने फडकं उचललं, आणि तसंच धरून ठेवलं. कागद होता तो. पुसला असता तर सगळंच फासलं गेलं असतं.

महिपती बिचारा वायरिंगवाला. त्याला काय ठाऊक? तो वाकून म्हणाला, "अगदी अशीच लावली होती मी, तात्या. म्हणून तर तिरळी झाली."

गिरजाबाईंनी डोळे मिटून घेतले. अनिताला भावाच्या मुस्काटात द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी रडूही आलं. कुणीतरी बोलायला हवं होतं ते बोललं गेलं होतं, आणि बोलणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता.

हैबतरावांनी ब्रश पालथा केला आणि दांडा सुनेपुढे धरला.

"घे. नीट कर ते."

"तात्या..."

"बाई खोळंबल्यात तिकडं. घे म्हणतो ना."

तिने घेतला. त्यांची चुकलेली रेघ अंगाच्या रंगाने झाकली, तो रंग वाळू दिला, आणि उजवा दिवा काढला. ते शेजारी बसून बघत होते. तिच्या हाताकडे बघत होते, कागदाकडे नाही. महिपती गेला तरी ते तिथेच बसून राहिले आणि चहासुद्धा त्यांनी घेतला नाही. संध्याकाळी गिरजाबाई जेवायला हाक मारायला गेल्या तर म्हणाले, "भूक नाय." त्यांना भूक नाही असं त्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवाल्याने निरोप आणला. मॉरिसचे दोन्ही दिवे सरळ. चंद्रावतीबाई कोलाडपर्यंत जाऊन आल्या, येताना वडापाव खाऊन आल्या. आणि महिपतीने विचारलंय, एका गिऱ्हाइकाची जुनी हिलमन गाडी आहे, तिचं काढून देशील का?

"गणपती झाल्यावर, म्हणावं," अनिता म्हणाली. तिला हसू आवरेना.

ती मांडवात वळली तर हैबतराव फळीवरची मूर्ती उतरवत होते. छोटी नव्हे, मंडळाची मोठी मूर्ती, मुंबईला जाणारी. ती धावली, पण त्यांनी तिला हात लावू दिला नाही. मूर्ती त्यांनी पाटावर ठेवली ती तिच्याकडे तोंड करून, आणि स्वतः पाठीमागे जाऊन बसले. दोन्ही हातांनी बैठक घट्ट धरली. धरल्यावर हात हलत नव्हते.

"धरायला अजून चांगले हायत," ते म्हणाले.

अनिता पाटासमोर बसली. "तात्या, डोळा चुकला तर?"

"पुसायचा. मी काय कमी पुसले ह्या वर्षी?" मागून त्यांचा आवाज आला. मग थोडं थांबून, हळू, "उशीर केला गो मी. माझ्या बापानं मला ब्रश वेळेवर दिला होता."

तिने पदराने डोळे पुसले, ब्रश काळ्या रंगात बुडवला, थेंब निथळू दिला. गिरजाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या. अनिताने श्वास धरला. पापणीची रेघ एका ओढीत आली. मग दुसरी. मग बुबुळं, मग बुबुळातला पांढरा ठिपका, एकाला, आणि तसाच दुसऱ्याला. ब्रश खाली ठेवल्यावरच तिने श्वास सोडला.

"झालं, तात्या. इकडं येऊन बघा."

हैबतराव जागचे उठले नाहीत. मूर्तीच्या पाठीमागून, बैठक तशीच धरून, ते म्हणाले,

"थांब. आधी त्याला तुला बघू दे."