सावलीतली जागा

अर्विंगच्या त्या कारखान्यात पार्किंगला सावली म्हणून एकच, दारालगतच्या पत्र्याखाली, दोन गाड्यांपुरती. एक जागा मॅनेजर डगची. दुसरीत सोमवारपासून यतीनची गाडी उभी राहू लागली आणि रवींद्रच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याची स्वतःची गाडी कित्येक उन्हाळे टेक्सासच्या उन्हात भाजत होती. संध्याकाळी स्टिअरिंगला हात लावायची सोय नसे.

काल आलेला पोरगा! प्लास्टिकचे साचे पॉलिश कसे करायचे, हे रवींद्रनेच त्याला शिकवलं. भोसरीत साच्यांवर उमेदीची वर्षं घालवलेला माणूस बाजूला राहिला आणि टूलरूमचा लीड कोण झाला, तर यतीन. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय?

खरं सांगायचं तर ते बीळ आधी रवींद्रलाच देऊ केलं होतं. झालं असं, की पलीकडच्या रस्त्यावर नवा कारखाना निघाला आणि त्यांनी इथले चांगले कारागीर पळवायला सुरुवात केली. वरून डगला हुकूम आला, हातची माणसं टिकवा, त्यांना मान द्या, पगार द्या. डग पहिल्यांदा आला तो रवींद्रच्याच टेबलापाशी.

"रवी, आय वॉन्ट यू टु लीड धिस रूम. विल यू?"

ह्याच प्रश्नाची वाट बघत रवींद्रने किती मनातले मांडे खाल्ले होते! पण पहिल्याच हाकेला हो म्हणायचं? पंगतीत वाढपी आल्याआल्या पान पुढे करतं का कोणी? तो संकोचून हसला.

"नो, नो, डग. आय अ‍ॅम हॅपी अ‍ॅज आय अ‍ॅम."

आणि आग्रहाची वाट पाहत उभा राहिला. डगने मान डोलावली, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तो थेट यतीनच्या टेबलाकडे गेला.

घरी रवींद्रने बायकोला, सुहासिनीला, सांगितलं, की यतीनने पुढे पुढे करून जागा लाटली. आपल्याला विचारलं होतं, हे गिळून टाकलं. तेव्हापासून यतीन नुसता हसला तरी त्याच्या डोळ्यांत खुपे. पोराचा एखादा साचा बिघडावा, असं त्याला मनापासून वाटे, आणि साचा चांगला निघाला की घरी जेवण गोड लागत नसे.

सुहासिनीने मात्र शनिवारी यतीनला जेवायला बोलावलं. "लाटली तर लाटली. पोरगा एकटा राहतो इथे," ती म्हणाली. वर बासुंदीही केली.

"नको काकू, पोट फुल आहे," यतीनने वाटीवर हात धरला.

"असं कसं? हात काढ बघू," म्हणत तिने वाटी भरलीच.

यतीन हसला. "काकू, डगला तुमच्याकडे ट्रेनिंगला पाठवायला हवं यार. त्याने काकांना लीडसाठी विचारलं, काका नो म्हणाले, की हा लगेच माझ्याकडे! मी म्हटलं, आस्क हिम अगेन. तर म्हणे, ही सेड नो, आय रिस्पेक्ट दॅट."

सुहासिनीचा डाव हवेतच राहिला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. रवींद्र पोळीचा तुकडा मोडत होता.

"काका, खरं सांगा," यतीन आता गंभीर झाला. "तुम्हाला हवं होतं का? पेपर्स अजून वर गेले नाहीत. मी सोमवारी डगला सांगून कॅन्सल करतो. तुमच्या हाताखाली काम करायला मला आवडेल."

हो म्हण, सुहासिनीचे डोळे सांगत होते. हो म्हण, रवींद्रचं स्वतःचं मन ओरडत होतं. पण ज्याला शिकवलं त्याच्याकडून मागून घ्यायचं? तेही पहिल्याच विचारण्याला?

"छे, छे! मला कशाला ती कटकट? घे तूच," तो म्हणाला, आणि यतीनच्या तोंडाकडे बघत राहिला.

"नक्की ना?" एवढं एकदा तरी तो म्हणेल, असं त्याला वाटलं. यतीनने सुटकेचा निःश्वास सोडला. "थँक्स काका. दोन आठवडे टेन्शन होतं," म्हणत त्याने बासुंदीची वाटी तोंडाला लावली.

सुहासिनी पातेलं घेऊन रवींद्रपाशी आली. "तुम्हाला?"

"नको," तो सवयीने म्हणाला.

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ते आत नेलं.