चांदणी नसलेली पाटी

मित्रांनो, मध्ये बोलू नका, नुसतं ऐका. मी एक जुनी पाटी आहे. जुनी म्हणजे चारच वर्षांची, पण शेगडीच्या धुराने तोंड काळवंडलंय. मावशींच्या खानावळीच्या दारावर असते. माझ्यावर दोनच शब्द आहेत: अनलिमिटेड भात.

या इंग्रजी शब्दाचा अर्थ मावशींनी पेंटरला आधीच विचारून घेतला होता. तो ब्रश पुसत म्हणाला, ज्याला हद्दच नाही ते, म्हणजे माझ्या पोरांचा दंगा बघा. मावशींना लगेच पटलं.

त्यांचे मिस्टर, म्हणजे काका, मात्र कुरकुरायचे. मोबाईलवालेही हाच शब्द लिहितात, पण शेजारी बारीक चांदणी काढून खाली अटी घालतात, हे त्यांचं रोजचं.

आणि एका दुपारी वजन उचलणाऱ्यांची अख्खी टीम आली ना! आठ जण. स्पर्धेआधी वजन कमी भरावं म्हणून दोन दिवस अर्धपोटी राहिलेले, आणि आता वजन करून मोकळे झालेले. मला मोठ्याने वाचून आत बसले. पहिलं पातेलं गेलं, दुसरं गेलं. तिसरं चढलं तेव्हा काका खडू घेऊन माझ्याकडेच आले. कोपऱ्यात चांदणीची एक रेघ ओढली, दुसरी ओढली. माझा जीव नुसता खालीवर!

मावशी भातवाढी हातात घेऊनच बाहेर आल्या.

"अहो, काय चाललंय?"

"तांदूळ संपला. दोनदा वाढू आणि बास, असं लिहितो."

"ताटावर बसलेल्या माणसाला अट घालायची? पुसा ते. आणि वरून आपल्या घरातला तांदळाचा डबा आणा."

"मग आपण काय खायचं?"

"बघू."

काकांनी बाहीने मला पुसलं आणि जिना चढले. चौथं पातेलं शिजलं. सात जण हात धुऊन उभे राहिले. आठवा, दारात न मावणारा, ज्याला सगळे बारक्या म्हणत होते, तो जेवतोच आहे. मावशी वाढतायत, डबा रिकामा, पातेल्याचा तळ दिसायला लागला. त्यांनी शेवटची भातवाढी भरली आणि बारक्याने ताटावर दोन्ही हात आडवे धरले.

"बास, मावशी. आता एक शीतही नको."

अख्ख्या खानावळीने टाळ्या वाजवल्या, सगळ्यात जोरात काकांनी. आणि ती उरलेली भातवाढी दोघांनी एका ताटात घेतली! माझ्या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला: बास म्हणायचं ते जेवणाऱ्याने, वाढणाऱ्याने नाही.

आता काका रोज मला ओल्या फडक्याने पुसतात. माझा रंग उडाला तरी चालेल मित्रांनो, शब्द तेवढा जपा. कोपऱ्यातली खडूची एक फिकट रेघ अजून गेलेली नाही. खरं सांगा, त्या दुपारी खडू तुमच्या हातात असता, तर तुम्ही काय केलं असतं?