चारशे सतराच्या जागेवर मी

मित्रांनो, मी एक जुना गिअर आहे आणि तीस वर्षं मी एका माणसावर डूख धरून होतो. आत्मवृत्तात आधी जन्म सांगायचा, मग कष्ट, मग कौतुक, शेवटी उपदेश. तो क्रम मी पाळणार आहे. डूख तेवढा आधीच सांगून टाकला, नाहीतर तुम्ही मला उगाच साधुसंत समजाल.

जन्म मला आठवत नाही. शुद्धीवर आलो तेव्हा इंडोनेशियात, मध्य जावातल्या एका साखर कारखान्याच्या ट्रकमध्ये उसाच्या मोळ्या ओढत होतो. माझ्या दातांत दात अडकवून फिरणारं एक जोडीचं चाक होतं. एकमेकांना झिजवत आम्ही इतके जुळलो की वीस वर्षांत आमचा आवाज कुणी ऐकला नाही. कारखान्यात चोऱ्या फार, म्हणून प्रत्येक सुट्या भागावर शिक्का मारत. माझ्या बगलेत उसाचं कांडं आणि खाली अठ्ठ्याऐंशी हा आकडा आहे.

ट्रक मोडीत निघाला. कारखान्यातल्या कास्मुन नावाच्या फिटरनं मला जेवणाच्या डब्यात घातलं, वर भात पसरला आणि घरी नेलं.

कास्मुनकडे एक जुनी काळी मोटार होती. अगदी तशीच, त्याच सालातली मोटार गावातल्या पाक दार्मोजोंकडे (पाक म्हणजे तुमचं 'काका') होती, त्यांच्या वडिलांची. कास्मुनच्या गाडीतला दुसरा, म्हणजे चढावर लागणारा सेकंड गिअर तुटला होता. त्याच आठवड्यात दार्मोजोंची गाडी तेल बदलायला त्याच्याकडे आली. त्यानं तिच्यातला अस्सल दुसरा गिअर काढून स्वतःच्या गाडीत बसवला आणि माझे दात ग्राइंडरवर घासून मला त्या रिकाम्या जागेत ठोकलं. दातांची संख्या जुळत होती, जाडी नव्हती. मित्रांनो, तुमचे दात कुणी ग्राइंडरवर धरले, तर तुम्ही क्षमा कराल का? मी केली नाही.

दुसऱ्याच दिवशी दार्मोजोंची एकोणीस वर्षांची मुलगी प्रिहातिन पहिल्यांदा एकटी गाडी घेऊन चढाच्या रस्त्यानं बाजारात गेली. मी बोंबलत घरी आलो.

कास्मुनला बोलावणं गेलं. त्यानं बॉनेटला कान लावला, डोळे मिटले आणि निदान केलं. "लेकीच्या हातचा पराक्रम आहे हा, पाक. क्लच न दाबता गिअर ओढलाय. खुशाल चालवू द्या तिला. फक्त नंतर मला हाक मारू नका."

दार्मोजोंनी मुलीकडून किल्ली काढून घेतली. तीस वर्षं परत दिली नाही.

आता कौतुक. दार्मोजोंचे वडील चढावर गाडी चालवताना गुणगुणत असत म्हणे. माझा आक्रोश ऐकून दार्मोजोंची खात्री पटली की गाडीत वडीलच आहेत आणि नातीवर नाराज आहेत. तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी बॉनेटवर फुलं, काळी कॉफी आणि लवंगेची सिगारेट. उसाच्या ट्रकमधला चोरीचा माल असून मी तीस वर्षं कुणाचा तरी बाप म्हणून कॉफी घेतली. इतका मान माझ्या खानदानात कुणाला मिळाला नसेल.

प्रिहातिन शहरातल्या तंत्रशाळेत मोटारीचं काम शिकवू लागली. शाळेतले गिअरबॉक्स ती रोज उघडायची. घरातल्याला मात्र हात लावायची बंदी होती.

सुरो महिन्यात इथल्या लोकांत वडिलोपार्जित वस्तूंना लिंबाच्या रसानं आणि फुलांच्या पाण्यानं आंघोळ घालतात. यंदा तिनं वडिलांना विचारलं, "बापाक, आजोबांची कट्यार म्यानासकट धुता का?"

"म्यानासकट कोण धुतं?"

"मग गाडीचंही झाकण काढते."

म्हाताऱ्यानं त्या बोलण्यात खोट शोधून पाहिली. सापडली नाही. "काढ," ते म्हणाले. "पण आजोबांना हातोडी मारू नकोस."

तिनं आठ बोल्ट काढले, बॅटरीचा उजेड धरला आणि मला व माझ्या शेजारच्या चाकाला हातानं एक फेरी फिरवलं. जोडीनं जन्म काढलेले दात पूर्ण रुंदीला चकाकतात. आमचे फक्त कडेला, नखाएवढे.

"यांचं लग्नच झालेलं नाही," ती पुटपुटली. "नुसती भांडणं."

गिअरबॉक्स उतरवून तिनं मला बाहेर काढलं. शेजारच्या चाकावर चारशे सतरा ठोकलेलं होतं. त्या मोटारींत जोडीतल्या दोघांवर एकच आकडा असे. तिनं रॉकेलच्या फडक्यानं माझी बगल पुसली. ऊस आणि अठ्ठ्याऐंशी. कास्मुन त्याच साखर कारखान्यातला फिटर, हे तिला ठाऊक होतं. मग बोटानं काळं ग्रीस घेऊन तिनं तो शिक्का पुन्हा झाकला. तेव्हा मला कळलं, ही आपल्यातली आहे.

आंघोळीला जुन्या गाड्यांच्या मंडळातली सगळी ज्येष्ठ मंडळी आली. पाक कास्मुन आता मंडळाचे परीक्षक होते. गाडीतला कुठला भाग अस्सल आणि कुठला परका, हे ते नुसत्या आवाजावरून सांगत. ते आपल्या बक्षीसपात्र गाडीतून आले.

मला पितळी ताटात, मोगऱ्याच्या फुलांत ठेवलं होतं.

"पाक कास्मुन, तुम्ही सगळ्यांत वडील," प्रिहातिन वाकून म्हणाली. "पहिलं लिंबू तुमचं."

हा मान नाकारत नाहीत. ते शिक्क्याची बाजू सोडून मला चोळू लागले.

"इकडे राहिलं, पाक."

"तिथं गंज नाही, पोरी."

"माझ्या वडिलांना अर्धवट आंघोळ घालता?" दार्मोजोंनी विचारलं.

मग त्यांना चोळावंच लागलं. आधी ऊस दिसला, मग अठ्ठ्याऐंशी.

दार्मोजोंनी चष्मा लावला. "हा तर साखर कारखान्याचा शिक्का. माझे वडील उसाच्या फडात कधी पाऊल टाकत नसत."

"याच्या जोडीवर चारशे सतरा आहे," प्रिहातिन म्हणाली. "खऱ्या गिअरवरही तेच असणार. पाक कास्मुन, तुमची गाडी दारातच आहे. तिलाही आंघोळ घालू."

"माझी गाडी स्वच्छ आहे."

"मग झाकण काढायला काय हरकत आहे?"

"काढू द्या हो," शेंगदाणे खाणारे एक पाहुणे म्हणाले. "परीक्षकांच्या गाडीतून आम्हीही चार गोष्टी शिकू."

आठ बोल्ट. चारशे सतरा.

कुणी ओरडलं नाही. इकडे राग चढला की आवाज खाली येतो.

"तेव्हा सुटे भाग मिळत नव्हते, पाक," कास्मुन म्हणाले.

"म्हणून माझी मुलगी वापरलीत."

दार्मोजोंनी चष्मा उतरवून खिशात ठेवला. मग दार्मोजो मुलीला म्हणाले, "पाहुण्याला रिकामं पाठवायची आपल्यात रीत नाही. आपला आपल्याकडे घे. हा त्यांना बसवून दे."

तिनं मला अगदी मन लावून बसवलं. एकही बोल्ट सैल ठेवला नाही.

आता मी कास्मुनच्या गाडीत असतो. दर रविवारी मंडळाची फेरी निघते. न यावं तर तोंड लपवल्यासारखं होतं, म्हणून ते येतात. चढ लागला की मी घासलेल्या दातांनी जीव तोडून बोंबलतो. सगळ्या गाड्या मुद्दाम हळू होतात. कुणीतरी काच खाली करून विचारतं, "पाक कास्मुन, आवाजावरून सांगा बरं, कुठला भाग परका?"

आमच्या पुढे दार्मोजोंची गाडी असते. चारशे सतराची जोडी दोन दिवस कुरकुरली आणि मग गप्प झाली. पहिल्या रविवारी म्हातारा सवयीनं चालकाच्या दाराशी गेला होता. मग किल्ली लेकीच्या हातात दिली आणि गाडीला वळसा घालून पलीकडे जाऊन बसला. गुरुवारची कॉफी आता तो स्वतःच पितो.

उपदेश राहिला. मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, जोडीतलं चाक जोडीपाशी राहू द्या आणि आपल्या हातून काही मोडलं, तर ते दुसऱ्याच्या लेकीच्या नावावर टाकू नका. टाकलंच, तर झाकण घट्ट लावा आणि आयुष्यभर सपाट रस्त्यानंच जा. चढावर दुसरा गिअर लागतोच.