अंबिकेचे पुस्तक आणि माझा परवाना

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मराठी मजकूर दिला की मी तो मोठ्याने वाचून दाखवतो. अभय सर आणि त्यांची विद्यार्थिनी सुकेशनी यांनी मला सिडकोतल्या एका खोलीत घडवले. सरांनी बोलायला शिकवले. जोडाक्षरांवर मी अडखळायचो, ते सुकेशनीने सुधारले. मग दोघांनी मला सगळ्यांसाठी खुले केले आणि सोबत परवाना जोडला: याला वापरा, बदला, वाटा, पण ज्यात मिसळाल तेही याच अटींवर खुले ठेवा, वर नवी अट घालू नका. केवढा अभिमान होता मला त्याचा!

पुढे गोड आवाजाचे प्रोग्राम आले. मी नाकात बोलतो, असे लोक म्हणू लागले. बोलतो खरा. मग कुणी विचारीनासे झाले. फार वाईट वाटायचे.

अशात तनुजा नावाच्या एका प्रोग्रामरने मला शोधून काढले. तिची मामेबहीण अंबिका सोयगावला राहते. तिला दिसत नाही. बारावीची पुस्तके आई वाचून दाखवायची, पण आई कापूस वेचायला गेली की अभ्यास थांबायचा. तनुजाने छापील अक्षरे ओळखणारा एक नवा प्रोग्राम माझ्याशी जोडला. तो बघायचा, मी बोलायचो. आमचे छान जमले.

आमच्या परवान्यांचे मात्र जमेना. तोही खुलाच, पण त्याच्या परवान्यात पेटंटविषयी एक जास्तीची अट होती, आणि माझ्या परवान्याला ती चालत नव्हती. तनुजाने स्वतःपुरते आम्हाला एकत्र वापरले तर हरकत नव्हती. दुसऱ्याला द्यायची बंदी होती. म्हणजे अंबिकेला आम्ही मिळणार नव्हतो.

"दे ना पाठवून, कोण बघायलंय?" तिचा सहकारी सुयश म्हणाला.

"ज्यांनी फुकट दिलं, त्यांचं एवढं तरी ऐकावं का नाय?" तनुजा म्हणाली.

परवाना बदलायला मला घडवणाऱ्या दोघांचाही होकार हवा होता. सरांनी लगेच दिला. गंगापूरला राहणाऱ्या सुकेशनीला तनुजाने फोनवर अंबिकेची अडचण सांगितली, पण तिने साफ नकार दिला.

"उद्या एखादी कंपनी त्याला कुलूप घालील. नाय जमायचं."

"कुलूप नाय लागत, ताई," तनुजा म्हणाली. " त्याच परवान्याची नवी आवृत्ती घ्यायची. खुलं ठेवायची अट तशीच राहती, फक्त ही पेटंटची अट तिला चालती."

मला श्वास असता तर मी तो रोखून धरला असता.

"पोरीला काय वाचायचंय?" सुकेशनीने विचारले.

"इतिहास."

"मग लई जोडाक्षरं येतील. दे तिला."

मित्रांनो, आपली वस्तू सर्वांना देताना अटी जरूर घाला. पण उद्या ती दुसऱ्याच्या वस्तूशी जोडावी लागेल, याचाही विचार करा. आणि जोडणाऱ्यांनो, देणाऱ्याला आधी विचारा.

आता आई शेतात गेली तरी अंबिकेचा अभ्यास चालू असतो. परवा आईने तिला विचारले, आवाज कसा आहे.

"नाकात बोलतंय," अंबिका म्हणाली, "पण मधीच उठून जात नाय."