बत्तिसावा बाण

मी एक बाण बोलतोय. त्या मंगळवारी मी करंजाड्यातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात, खिडकीच्या कठड्यावर, कपड्यांच्या दोन चिमट्यांत उभा होतो. दोन पंख चिकटवून झाले होते, तिसरा बशीत होता. "संध्याकाळी येऊन लावतो, तोवर कोणी हात लावू नका," असं बजावून सुगत पहिल्या पाळीला गेला होता.

शुभदा गवार मोडत बसली होती. फोन वाजला तसा तिने तो खांद्याने कानाशी धरला आणि हात चालूच ठेवले. पलीकडे कृष्णात होता, सुगतच्या शेजारच्या लेथवरचा. "वहिनी, घरात अजून कोण हाय?" त्याने विचारलं. तिने हातातली शेंग अर्धी मोडून खाली ठेवली. चहाच्या सुट्टीत सुगत बाकावर बसला, तो उठलाच नाही. वय अठ्ठेचाळीस.

घरातले सगळे रडले. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. का, ते सांगतो.

सुगत कारखान्यात टर्नर होता, लेथवर धातू कातणारा. धनुर्विद्येतलं त्याला काही कळत नव्हतं. त्याची मुलगी मनाली शाळेतून बांबूचं धनुष्य चालवायला शिकून आली आणि जवळच्या मोकळ्या प्लॉटवर सराव करू लागली, तेव्हा तो नुसता सोबत म्हणून जायचा. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "हा बाण हाय का मांजराचं शेपूट? केवढा हलतोय!"

तिथून सुरुवात झाली. माझ्या आधीचे एकतीस जण या घरात जन्मले. कोणाला दुधाच्या पिशवीचे पंख होते, कोणाला जुन्या एक्स-रेच्या फिल्मचे, कोणाला पाण्याच्या बाटलीचे. टोकं भंगारातल्या पितळेची. प्रत्येकाचं वजन, लांबी, पंखांचा कोन, सगळं एका वहीत. सोसायटीतले लोक जिन्यात अडवायचे. "काय सुगतभाऊ, कोणाच्या स्वयंवराला?"

"स्वयंवर नाय हो, सिलेक्शन हाय. पोरगीच धनुष्य उचलनार," तो म्हणायचा आणि दोन-दोन पायऱ्या चढून जायचा.

एकोणिसाव्या बाणाने कमाल केली. मोठे, उंच पंख, जराही न हलणारा. तसेच आणखी पाच केले. तीस मीटरवरून मनालीचे सगळे बाण एका ताटलीत मावतील इतके जवळ लागू लागले. बापलेक महिनाभर हवेत होते.

मग जिल्ह्याची निवड चाचणी आली. सकाळी साडेसातला. मनालीचे बाण एकामागून एक डावीकडे गेले. काही तर चक्राच्या बाहेर. तिथले एक सर हसून म्हणाले, "घरगुती उद्योग पापडापर्यंत ठीक असतो हो. बाण विकतचे घ्या."

मनालीने घरी येऊन धनुष्य कपाटावर टाकलं. सुगत दोन दिवस वही चाळत बसला. तिसऱ्या दिवशी, रविवारी, सकाळी लवकर एकटाच प्लॉटवर गेला, हातात एक दोरा धरून उभा राहिला आणि घरी येऊन मोठ्याने हसायला लागला.

"शुभदा, मी येडा हाय. मी सुटतो साडेतीनला. आमचा सराव चारनंतर. त्या वेळी वारा खाडीकडून, डावीकडनं. बाण उजवीकडे ढकलला जातो, म्हणून पोरगी आपोआप डावीकडे धरायला शिकली. सकाळी वारा डोंगराकडून, उलटा! आणि आमचे पंख म्हणजे शिडं. वारापण पाळीत काम करतो गं, आणि मी फक्त माझीच पाळी बघत बसलो!"

आयुष्यभर भोंग्यावर चाललेला माणूसच अशी चूक करू शकतो. पण चूक सापडल्यावर असा आनंद झालेला माणूसही दुसरा ऐकिवात नाही.

मग पुढचे सात झाले आणि मग मी. माझं अंग घासून घासून बारीक केलंय. टोक जड आहे. पंख बुटके, बोटाच्या नखाएवढे उंच, आणि जरा तिरपे लावलेले, म्हणजे मी फिरत जावं आणि फिरल्यामुळे सरळ राहावं. वाऱ्याच्या हाती लागेल असं माझ्याजवळ काही ठेवलेलं नाही. डोंगराकडचा असो की खाडीकडचा, मला फरक पडू नये, एवढ्यासाठी मी आहे.

आणि मला त्यांनी काचेत ठेवलं!

सुगत गेल्यानंतरच्या जलदान विधीला त्याचे थोरले भाऊ दत्तू आले होते. त्यांनी मला हातात घेतलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "भावाच्या हातचं शेवटचं काम. फोटोखाली लावू." दोन पंखांचाच मी, काचेच्या पेटीत, खाली दिवे, बाजूला फुलं. येणारा प्रत्येकजण हळू आवाजात म्हणायचा, "सुगतने बनवलेला, ना?" आणि मी आतून ओरडायचो, बनवलेला नाही, बनवत होता! कोणाला ऐकू जात नव्हतं. माणसांना मेलेल्याची वस्तू जपायला फार आवडतं. त्याचं काम पुढे न्यायचं म्हटलं की मात्र मागे सरतात.

साठ दिवस मी काचेत होतो. एकसष्टाव्या दिवशी शुभदाने पेटी उघडली. बशीतला तिसरा पंख तिने एका पाकिटात जपला होता. वही समोर ठेवली, मनालीच्या कंपासमधला कोनमापक घेतला आणि कोन मोजून पंख चिकटवला. तिचा हात सुगतपेक्षा स्थिर आहे, हे मी सांगतो, कारण दोघांचे हात मला ठाऊक आहेत.

तेवढ्यात दत्तूभाऊजी आले. "अगं, काय करतेस? खराब झाला तर?"

"भावोजी, फोटो हाय ना भिंतीवर. हा बाण हाय."

मनाली दारात उभी होती. "आई, मी नाही मारणार. तुटला तर पप्पांचं काय उरलं?"

"तुटला तर तेहतिसावा करू."

"कोण करणार?"

शुभदाने वही तिच्याकडे सरकवली. "अक्षर वाईट हाय तुझ्या पप्पांचं, पण वाचता येतं."

रविवारी सकाळी सातला आम्ही प्लॉटवर होतो. शुभदाने दोरा वर धरला. वारा डोंगराकडून, उजवीकडून, चांगलाच जोराचा. मनालीने दोरी ओढली. सवयीने तिचा हात डावीकडे गेला. मग ती थांबली, श्वास सोडला आणि निशाण बरोबर मधोमध धरलं.

मी सुटलो. वारा अंगावर आला आणि निसटून गेला. त्याला धरायला काही सापडलं नाही.

मी लाल वर्तुळात, अगदी मधल्या पिवळ्यापासून बोटभर अंतरावर रुतलो. मनाली धावत आली. माझ्या टोकावर चरा पडलाय आणि एका पंखाचा कोपरा उलला आहे. मला त्याचं काही वाटत नाही. तुमच्याही घरी कोणाचं अर्धं राहिलेलं काम काचेत असेल, तर ती काच उघडा. आम्ही नाजूक नसतो.

घरी येऊन मनालीने वहीत लिहायला पेन उचललं, तेव्हा तिला पहिल्याच पानावरचा सुगतचा नियम दिसला: एकसारखे सहा बाण मारल्याशिवाय निकाल लिहायचा नाही. तिने पेन खाली ठेवलं.

माझ्यासारखे बाकीचे पाच बाण अजून केलेले नाहीत.