अकरावा डबा

"भगवंतभाऊ, हा अकरावा डबा कुणाचा?" नूतन मॅडमनी विचारलं.

मी बायांकडं पाहिलं. दहाच होत्या. चूक माझी होती. वायरलेसचे डबे घेऊन माळावर हिंडायला किती माणसं मिळतील, असं मॅडमनी विचारलं तेव्हा मी सवयीनं सांगून बसलो, आमची कांदालागणीची टोळी अकराजणींची. अकरावी साळुबाई, माझी बायको. टोळी तीच चालवायची. तिला जाऊन चार महिने झाले होते.

"जास्तीचा हाय. ऱ्हाऊ द्या," मी म्हणालो.

दोन हजार नऊ साल होतं. मी कॉलेजात शिपाई, मॅडम तिथं शिकवायच्या. त्यांच्या डब्यांना टॉवर नको, तार नको. एका डब्यानं दुसऱ्याला निरोप द्यायचा, त्यानं पुढच्याला, आणि माणसं हिंडती असली तरी तो ठरल्या चौघींना पोचायचा. त्या चौघींच्या डब्यांना तांबडी फीत होती. आधी सगळेच डबे बोलत सुटायचे आणि त्या गलक्यात निरोप हरवायचा. आता वाटेतल्या डब्यांनीच बोलायचं, बाकीच्यांनी गप्प राहायचं, असं मॅडमनी बसवलं होतं. वर्षभर त्या यावर खपल्या होत्या. आणि चार वाजता डबे पुण्याला परत जायचे होते.

"तांबडा दिवा लागला की लिंबाखाली चहाला यायचं," त्यांनी सांगितलं.

"आन् न्हाई लागला तर?" बायडाबाई म्हणाली. "दिवस मावळंस्तवर हुबं ऱ्हायचं व्हय?"

तीन फितवाल्या लगेच आल्या. चौथी, बायडाबाई, ओढ्यावरून येईना. उसात बिबट्या, म्हणून एकटं उभं राहायला कुणी तयार नव्हतं. बांधावर थांबायची ती धोंडाबाई तिच्या सोबतीला ओढ्यावर गेली होती. मधली जागा मोकळी पडली होती, निरोप ओढ्यापर्यंत पोचतच नव्हता.

"एकजण बांधावर जा ना," मॅडम म्हणाल्या. साडेतीन झाले होते.

"तुमी व्हा म्होरं मॅडम, आमी हाय मागं!" चिमाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्या घड्याळ बघत होत्या.

मी अकरावा डबा उचलला आणि बांधावर जाऊन उभा राहिलो.

माझ्या डब्याला फीत नव्हती. निरोप माझ्यासाठी नव्हताच. हिरवा ठिपका एकदा लुकलुकला, बस. पुढं काही गेलं का नाही, मला कळायला मार्ग नव्हता. लिंबाखाली कपबशा वाजत होत्या. चिमाबाई कुणाची तरी नक्कल करत होती. टोळीचं बोलणं बऱ्याच दिवसांनी कानावर पडलं. बरं वाटलं.

मग बायडाबाई ओढ्यातून वर आली. मागं धोंडाबाई.

"लागला वो दिवा! लई टायमानं लागला!" मला बघून ती थबकली. "एकलंच हुबं हायसा व्हय भाऊ? चला, च्या गार व्हईल."

"तुमी व्हा म्होरं."

दोघी लिंबापर्यंत पोचेपर्यंत मी तिथंच उभा राहिलो, उसाकडं तोंड करून.